गव्हाण रिकामी राहता कामा नये : प्रवराकाठच्या साखरेने घडवलेले कामाचे जग

१/
‘तंत्रज्ञान आणि कार्यसंस्कृती’ असे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिंजवडीच्या काचेच्या इमारती, गळ्यातली ओळखपत्रे आणि रात्री अकराला येणारे मेसेज उभे राहतात. मी मात्र अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्याच्या उत्तर भागात वाढले. तिथे आधुनिक कामाची जागा काचेतून नव्हे, उसातून आली. घड्याळ परवडत नव्हते अशा घरांतही कारखान्याच्या भोंग्यावर चूल पेटत असे. यंत्राने त्या परिसरातील कामाचे काय केले आणि संस्थेने काय केले, हे दोन प्रश्न वेगळे ठेवून पाहण्याचा या धाग्यात प्रयत्न आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
आरंभ गुऱ्हाळापासून करावा लागेल. बैल जुंपलेला चरक, जमिनीत खणलेले चुलवाण, त्यावर काहील आणि काहिलीशेजारी उभा गुळव्या. रस कधी फुटला, मळी कधी काढायची, पाक कधी उतरवायचा, हे सारे गुळव्याच्या नजरेवर आणि बोटांवर अवलंबून असे. दिवसभरात जेवढा रस आटेल तेवढाच ऊस तोडायचा. बैल थकले की काम थांबे, पाहुणे आले तरी थांबे. काम कष्टाचे होते, त्यात रम्य असे काही शोधू नये. पण त्याची गती माणसाच्या आणि जनावराच्या दमाने ठरत होती, एवढे लक्षात ठेवा.

३/
मग पाणी आले. प्रवरा नदीवर भंडारदरा येथील धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये पुरे झाले. दुष्काळी पट्ट्याला संरक्षण हा दख्खनमधील कालव्यांचा मूळ हेतू. प्रत्यक्षात ज्वारी-बाजरीचा शेतकरी पाऊस बरा झाला की कालव्याचे पाणी विकत घेईना. पाणीपट्टीचा भार पेलणारे पीक एकच होते, ते म्हणजे ऊस. म्हणून धरण बांधले दुष्काळासाठी आणि पाटाच्या दुतर्फा हिरवा झाला तो ऊस. पुढे जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले. १९३२ मध्ये सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात लावली आणि देशातील साखर कारखान्यांची संख्या काही वर्षांतच तिसाच्या आसपासवरून शंभराच्या पुढे गेली.

४/
या कारखान्यांतील यंत्राची कुळकथा थोडी सांगितलीच पाहिजे. उसाच्या रसात बहुतांश पाणीच असते. ते उडवून टाकायला प्रचंड इंधन लागते. यावर तोडगा काढला नॉर्बर्ट रिलिए याने. अमेरिकेतील लुइझियाना प्रांतात जन्मलेला, आईच्या बाजूने आफ्रिकी वंशाचा, पण स्वतः गुलाम नसलेला आणि पॅरिसमध्ये शिकलेला हा अभियंता. १८४० च्या दशकात त्याने एकापुढे एक बंद भांडी जोडली. पहिल्या भांड्यातील रसाची वाफ दुसऱ्याला तापवते. दुसऱ्यात हवेचा दाब कमी असल्याने रस कमी तापमानातच उकळतो. त्याची वाफ तिसऱ्याकडे जाते. एकाच उष्णतेचा अनेकदा उपयोग! आजही आपल्या प्रत्येक साखर कारखान्यात हीच युक्ती चालते.

५/
या यंत्रापूर्वी लुइझियानात उघड्या कढयांतला उकळता रस गुलाम माणसे लांब पळ्यांनी एका कढईतून दुसरीत ओतत. भाजणे नित्याचे. रिलिएच्या भांड्यांनी ते काम हटवले. पण गुलामगिरी हटली नाही, ती यादवी युद्धानंतर कायद्याने गेली. कढईजवळचे काम सुधारले आणि शेतातला ऊस तोडणारा हात तसाच राहिला. ही गोष्ट इथे मुद्दाम नोंदवते, कारण पुढे तीच पुन्हा भेटणार आहे, आपल्याच जिल्ह्यात.

६/
आता रसायनशास्त्राचा एक नियम, ज्यावर हा सारा डोलारा उभा आहे. ऊस तोडला की त्यातील साखर टिकत नाही. ती हळूहळू द्राक्षशर्करा आणि फलशर्करा यांत फुटते आणि अशा फुटलेल्या साखरेचे दाणे पडत नाहीत. शिवाय ऊस वाळून वजनही घटते. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळायचा. दुसरीकडे कारखाना म्हणजे वाफेवर चालणारी अखंड साखळी. बॉयलरमध्ये जळतो तो त्याच उसाचा चोथा, म्हणजे बगॅस. ऊस थांबला की इंधन थांबते, वाफ उतरते, नळ्यांतला रस आंबू लागतो. ज्या पट्ट्यावरून ऊस आत जातो त्याला आपल्याकडे गव्हाण म्हणतात. शब्द गोठ्यातून आला आहे आणि अगदी चपखल आहे. ही गव्हाण रिकामी राहता कामा नये आणि तिच्यासमोर गाड्यांची रांगही फार साचता कामा नये.

७/
मानवशास्त्रज्ञ सिडनी मिंट्झ यांनी १९८५ च्या ‘स्वीटनेस अँड पॉवर’ या ग्रंथात हाच धागा पकडला. घड्याळाशी बांधलेले शिस्तबद्ध काम आपण मँचेस्टरच्या गिरण्यांपासून मोजतो. मिंट्झ म्हणतात, त्याच्या कितीतरी आधी कॅरिबियन बेटांवरील साखरमळ्यांत शेत आणि कारखाना एकाच वेळापत्रकात जखडले गेले होते. मला हे पटते. फक्त एक भर घालावीशी वाटते. यंत्र घाई निर्माण करते, पण ती घाई कोणाच्या अंगावर टाकायची हे यंत्र ठरवत नाही. ते ठरवते संस्था. नगर जिल्हा या दृष्टीने फार सोयीचा आहे, कारण इथे तेच यंत्र दोन अगदी भिन्न संस्थांनी चालवले.

८/
पहिली संस्था, हरिगावची बेलापूर कंपनी. १९१९ ची स्थापना, मुंबईच्या ब्रॅडी या मॅनेजिंग एजन्सीचा कारभार. (आजचे श्रीरामपूर तेव्हा ‘बेलापूर रोड’ होते. रेल्वे स्थानकाच्या पाटीवर ‘बेलापूर’ अजून आहे.) गव्हाण भरलेली ठेवण्याचा कंपनीचा मार्ग सरळ होता, ऊस दुसऱ्याकडून घ्यायचाच नाही. शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घ्यायच्या, त्यावर स्वतःचे मळे, स्वतःचे मजूर, मळ्यांतून कारखान्यापर्यंत स्वतःची छोटी रेल्वे. लागवडीचा दिवस, तोडीचा दिवस, गाळपाचा दिवस सारे एकाच कचेरीत ठरे. कॅरिबियन मळ्याचीच ही दख्खनी आवृत्ती. यातून काही शेतकऱ्यांवर स्वतःच्याच जमिनीत रोजाने राबण्याची वेळ आली.

९/
दुसरी संस्था या पहिलीवरच्या रागातून जन्मली. डिसेंबर १९४५ मध्ये बेलापूर रोड येथे दख्खनमधील बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. ऊस आपण पिकवतो, मग कारखाना आपला का नको, हा विचार तिथे आकाराला आला. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील, शालेय शिक्षण जेमतेम, पण सहकारी पतपेढीचा अनुभव पक्का, गावोगाव फिरून भागभांडवल गोळा करू लागले. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता सहकाराचे कट्टर पुरस्कर्ते, त्यामुळे सरकारचे पाठबळ मिळाले. नव्याने स्थापन झालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिले. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरची गव्हाण हलली. क्षमता दिवसाला सुमारे ५०० टन. पहिले अध्यक्ष गाडगीळ, उपाध्यक्ष विखे पाटील. एक विद्वान अर्थशास्त्रज्ञ आणि एक शेतकरी यांनी मिळून कारखाना चालवावा, असे दृश्य नंतर फारसे दिसले नाही.

१०/
इथे एक टीप, कारण कोणीतरी विचारणारच. ‘आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना’ हे बिरुद आपण अभिमानाने मिरवतो. आंध्रातील एटिकोप्पाका येथे १९३३ मध्येच सहकारी तत्त्वावर साखर कारखाना निघाला होता. प्रवरेचे मोठेपण त्याने कमी होत नाही. प्रवरेचा नमुना पुढे शेकडो ठिकाणी उचलला गेला, एटिकोप्पाकाचा गेला नाही. ‘पहिला’ हा शब्द इतिहासात जरा जपूनच वापरावा.

११/
आता मूळ प्रश्न. कंपनीकडे एक मालक आणि सलग मळे होते. सहकारी कारखान्याकडे होते अनेक गावांत विखुरलेले सभासद आणि त्यांचे लहान लहान तुकडे. प्रत्येकाला वाटणार की आपलाच ऊस आधी जावा, म्हणजे रान मोकळे होईल. प्रत्येकाने आपापल्या मर्जीने ऊस तोडून आणला तर सोमवारी गव्हाणीसमोर मैलभर रांग आणि गुरुवारी शुकशुकाट. उत्तर प्रदेशात यावर उपाय म्हणून शेतकऱ्याला ‘पर्ची’ मिळते. ती मिळाली की त्याने स्वतः ऊस तोडायचा आणि स्वतःच पोहोचवायचा. महाराष्ट्राने वेगळा मार्ग धरला. तोडणी आणि वाहतूक दोन्ही कारखान्याने आपल्या हाती घेतली. ऊस शेतकऱ्याचा, पण तो कोणत्या दिवशी, कोणत्या टोळीने, कोणत्या गाडीतून जाणार हे कारखाना ठरवणार. त्याचा खर्च शेतकऱ्याच्या दरातून वजा.

१२/
या एका निर्णयातून एक पूर्ण कार्यसंस्कृती उभी राहिली. तिचे शब्द बाहेरच्याला कळायचे नाहीत. लागण झाली की ‘नोंद’ द्यायची. त्या तारखेवरून तोडीचा क्रम लागतो. त्यासाठी शेतकी खाते, गट कार्यालय आणि सर्वांत तळाला मोटारसायकलवरून (पूर्वी सायकलवरून) बांधाबांधाने फिरणारा चिटबॉय. कारखान्याच्या पदक्रमात तो अगदी खालचा, पण हंगामात त्याच्याइतका आर्जवांनी वेढलेला माणूस गावात दुसरा नसतो. कागदावर क्रम नोंदीच्या तारखेचा आणि उसाच्या पक्वतेचा. शेतात हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब ठेवून गोडी मोजतात, त्यावर उतारा अवलंबून. प्रत्यक्षात मात्र ‘तोड कोणाला आधी आली’ यावरून गावातले गटतट उभे-आडवे झाले आहेत. कोपरगावच्या सहकारी कारखान्याचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ बी. एस. बाविस्कर यांनी १९८० च्या आपल्या पुस्तकात साखर आणि राजकारण यांची ही गुंतागुंत तपशिलाने मांडली आहे.

१३/
तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सहकारात एक सभासद, एक मत. एक एकरवाला आणि पन्नास एकरवाला मतपेटीपाशी सारखे. वार्षिक सभेत धोतर-टोपीतला म्हातारा उभा राहून ‘माझा ऊस अठरा महिने रानात का उभा आहे?’ असे अध्यक्षांना सर्वांदेखत विचारू शकतो. हरिगावच्या साहेबाला असा प्रश्न विचारणे कोणाच्या कल्पनेतही नव्हते. साखरेच्या नफ्यातून शाळा, महाविद्यालये, दवाखाने उभे राहिले. १९६४ ची प्रवरा पब्लिक स्कूल हे ठळक उदाहरण. माझ्या पिढीतील अनेकांची पदवी या साखरेतून आली आहे, माझीही.

१४/
कारखान्याच्या फाटकाच्या आतही चांगला बदल झाला. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. गाळप अखंड म्हणून तीन पाळ्या. साखर उद्योगासाठी १९५७ मध्ये केंद्रीय वेतन मंडळ नेमले गेले आणि १९६० मध्ये त्याच्या शिफारशी आल्या. फिटर, पॅनवर साखर शिजवणारा पॅनमन, प्रयोगशाळेतला केमिस्ट यांना श्रेणी मिळाल्या. हंगामी कामगारालाही बंद काळात काही टक्के वेतन धारण-भत्ता म्हणून मिळू लागले, म्हणजे पुढच्या हंगामाला तो परत यावा. गुळव्याची नजर गेली, तिच्या जागी ब्रिक्स आणि तापमानाचे आकडे आले. कौशल्य माणसाकडून यंत्राकडे गेले, पण त्या माणसाला पगारपत्रक, भविष्य निर्वाह निधी आणि वसाहतीत खोली मिळाली.

१५/
फाटकाच्या बाहेर काय झाले? ऊस तोडणारे येतात ते आपल्याच जिल्ह्याच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या कोरडवाहू गावांतून आणि शेजारच्या बीडमधून. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून ‘उचल’ घ्यायची आणि ती फेडण्यासाठी पाच-सहा महिने कारखान्याच्या परिसरात कोपी ठोकून राहायचे. मजुरीचे एकक आहे ‘कोयता’. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटा माणूस असेल तर तो ‘अर्धा कोयता’. दोन माणसांना मिळून एका हत्याराचे नाव देणारी ही भाषा कोणा लेखकाने रचलेली नाही, हिशोबाच्या वहीने रचली आहे. नवरा तोडतो, बाई मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवते. गाडी रात्री दोनला आली तरी तेव्हाच भरायची, कारण चोवीस तास सुरू झालेले असतात. आजारपणात दिवस बुडाला तर ‘खाडा’ आणि खाड्याचा दंड.

१६/
आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत वजनाच्या जुन्या पावत्या सापडल्या. एम.ए.च्या अभ्यासात ‘कागदपत्र उलटे वाचा’ असे शिकवतात, म्हणजे त्यात काय नाही ते पाहा. पावतीवर सभासदाचे नाव, गाव, गट क्रमांक, उसाची जात, गाडीचा क्रमांक, भरलेले वजन, रिकामे वजन, वेळ, सारे आहे. वाहतूकदाराचा क्रमांक आहे. तोडणीदाराच्या रकान्यातही एक क्रमांक आहे. तो मुकादमाचा. ज्यांनी तो ऊस तोडला त्यांच्यासाठी रकानाच नाही. कारखान्याचा करार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी, मुकादमाचा व्यवहार जोडप्याशी आणि तो बहुधा तोंडी. पाळी त्यांना नाही, वेतन मंडळ नाही, धारण-भत्ता नाही. कारखान्याचे घड्याळ मात्र सर्वांत कडकपणे त्यांनाच लागू.

१७/
सहकाराने हे का बदलले नाही? सोपे उत्तर असे की नेते स्वार्थी होते. मला ते अपुरे वाटते. वर सांगितले तसे तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या दरातून वजा होतो. म्हणजे तोडणीचा दर टनामागे वाढला की तेवढे सभासदाच्या हातात कमी पडते. कंपनीत मजुराच्या समोर दूरचा भागधारक असतो. सहकारात समोर असतो दोन एकरांचा, स्वतःही कर्जात असलेला शेतकरी आणि मतदानाचा हक्क त्याच्याकडे आहे, तोडणाऱ्याकडे नाही. वार्षिक सभेत ऊसदरावर तासन्‌तास चर्चा होते. तोडणाऱ्यांचे दर राज्य पातळीवर साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यात, बहुधा संपानंतर, ठरतात. लोकशाही होती, पण ती सभासदांची होती. ज्या नियमाने आजोबांना आवाज मिळाला त्याच नियमाने कोपीतल्या माणसाला बाहेर ठेवले. हे लिहिताना मला बरे वाटत नाही. आजोबांनाही वाटले नसते, पण तेही सभेत दर वाढवून मागायलाच उठले असते.

१८/
त्या घाईची किंमत शरीराने कशी मोजली गेली हे २०१९ मध्ये साऱ्या देशाला कळले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण विलक्षण असल्याच्या बातम्या आल्या आणि राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कारणे अनेक आहेत. त्यांत खाजगी दवाखान्यांचा लोभ आहे, लहान वयातली लग्ने आहेत. पण पाळी आली म्हणून दिवस बुडवता न येणे, कोपीजवळ ना न्हाणी ना शौचालय, खाड्याची धास्ती, ही कामाच्या रचनेतून आलेली कारणे आहेत.

१९/
आणि हरिगावचे काय झाले? १९६१ च्या जमीनधारणा कायद्याने खाजगी साखर कंपन्यांचे मळे सरकारकडे गेले. १९६३ मध्ये शेती महामंडळ स्थापन होऊन ते त्याच्याकडे आले. ज्यांच्या जमिनी खंडाने गेल्या होत्या ते खंडकरी शेतकरी त्या परत मिळवण्यासाठी अर्धशतक लढत राहिले. दुसरीकडे प्रवरेचा नमुना जिल्हाभर पसरला. कोपरगाव, राहुरी, संगमनेर, श्रीगोंदा, सोनई, भेंडा आणि पाथर्डी तालुक्यात आदिनाथनगरचा वृद्धेश्वर. ज्या तालुक्यातून हजारो कोयते बाहेर जातात त्याच तालुक्यात एक कारखाना आहे, ही विसंगती नकाशा पाहताना खटकते.

२०/
आता शेतात तोडणी यंत्र आले आहे. सरकार त्याला अनुदान देते. यंत्राला वळायला जागा हवी, म्हणून सऱ्यांमधले अंतर चार-साडेचार फुटांच्या पुढे वाढवावे लागते. लहान, वेड्यावाकड्या तुकड्यांत ते शिरत नाही. म्हणजे यंत्र पुन्हा एकदा आधी शेताचा आकार बदलायला सांगत आहे आणि मोठ्या, सलग रानाच्या मालकाची पाळी आधी लागण्याची शक्यता वाढते आहे. नोंदीही मोबाइलवर घेतल्या जातात, तोडीचा संदेश शेतकऱ्याच्या फोनवर येतो. ज्या कोयत्यांचे काम यंत्र घेईल त्यांचा हिशोब कोणाच्या दप्तरात आहे, हे मी काही कारखान्यांच्या शेतकी खात्यांत विचारून पाहिले. उत्तर जवळजवळ सारखेच मिळाले, ‘तो मुकादमाचा विषय आहे.’

२१/
गेल्या हंगामात घरच्या उसाला तोड आली ती यंत्राचीच. पावती आता छापील येते, बारकोडसह. तोडणीदाराच्या रकान्यात यंत्राचा नोंदणी क्रमांक आहे. पावती आजोबांच्या पेटीत ठेवून दिली.

पुढचा धागा खंडकरी शेतकऱ्यांच्या लढ्यावर. ज्यांच्या घरी त्या काळातील खंडाचे करारनामे, कंपनीच्या पावत्या किंवा हरिगावची छायाचित्रे असतील त्यांनी कृपया कळवावे.